वाटीमागची कळ आणि पहिल्या मजल्यावरचे उपचार केंद्र

बेळगावच्या टिळकवाडीत एका गल्लीच्या तोंडाशी, औषधांच्या दुकानाच्या वर, पहिल्या मजल्यावर एक फिजिओथेरपी केंद्र आहे. तेथे पोहोचायला १९ पायऱ्या चढाव्या लागतात, लिफ्ट नाही आणि कठडा एकाच बाजूला आहे. गुडघ्याच्या रुग्णांसाठी असलेल्या जागेविषयी पहिली नोंद अशी करावी लागावी हे विचित्रच आहे. परंतु गेल्या सप्टेंबरपासून १४ आठवडे मी तेथे जात होतो आणि या जिन्याविषयीचे माझे मत पहिल्या दिवशी होते तेच शेवटच्या दिवशी राहिले नाही. केंद्राचे नाव मी येथे देत नाही, कारण पुढे काही तक्रारी येणार आहेत आणि त्या मी केंद्रात समक्ष सांगितल्या आहेत. ज्यांना गुडघ्याच्या पुढच्या भागात, वाटीच्या मागे किंवा भोवती दुखते, त्यांना आपल्या जवळचे केंद्र पारखून घेता यावे एवढाच या लेखनाचा हेतू आहे.

मी ४१ वर्षांचा आहे, खानापूर तालुक्यातील एका मराठी शाळेत शिकवतो आणि बेळगावहून रोज बसने जातो-येतो. गेल्या पावसाळ्याच्या आरंभी वजन उतरवण्याचा निश्चय करून मी एकाच महिन्यात दोन गोष्टी सुरू केल्या: रोज सकाळी व्हॅक्सिन डेपोच्या मैदानावर पळणे आणि दर रविवारी येळ्ळूरहून राजहंसगड चढून उतरणे. त्याआधी कित्येक वर्षे माझे सर्वांत लांबचे चालणे म्हणजे बस थांबा ते शाळा. जुलै संपता संपता डाव्या गुडघ्याच्या वाटीमागे एक कळ येऊ लागली. सपाट रस्त्यावर ती जवळजवळ नसे, गड चढताना थोडी जाणवे आणि उतरताना मात्र पावलागणिक टोचे. बसमध्ये पुढच्या सीटला गुडघा टेकून तासभर बसले की उठल्यावर दोन-तीन पावले लंगडावे लागे. पंगतीत मांडी घालणे, शौचालयात उकिडवे बसणे आणि देवापुढे गुडघे टेकणे या तिन्ही गोष्टी हळूहळू अवघड होत गेल्या. नेमके कोठे दुखते ते बोटाने दाखवा असे कोणी म्हटले, तर मला ते दाखवता येत नसे. सगळा तळवा वाटीवर ठेवून ‘इथे कुठेतरी आत’ एवढेच सांगता येई. हे न दाखवता येणेच किती बोलके लक्षण आहे, ते मला दोन महिन्यांनी कळले.

केंद्रापर्यंत पोहोचण्याआधी मी जे जे केले त्याचाही हिशेब मांडणे योग्य ठरेल, कारण बहुतेक जण याच वाटेने जातात. पहिल्या आठवड्यात शेजाऱ्यांनी निदान केले की गुडघ्यातले वंगण संपले आहे, आणि रोज रात्री कोमट तिळाच्या तेलाने चोळण्याचा सल्ला दिला. चोळल्यावर बरे वाटे, पण सकाळचा जिना तसाच राही. मग बाजारातून ४५० रुपयांची नी-कॅप आणली. तिला वाटीच्या जागी गोल भोक होते आणि दोन्ही बाजूंना पट्ट्या होत्या. तिच्याविषयी प्रामाणिकपणे सांगायचे तर घातल्या घातल्या आधार वाटतो, गुडघा उबदार राहतो आणि मनाला धीर येतो. पण तासाभराच्या बसप्रवासात ती घामाने घसरून पोटरीवर येते आणि गुडघ्याच्या मागे कातडीला काचते. दुखणे तिने कमी केले असे मी म्हणणार नाही. मी ती घालून पळत राहिलो, आणि खरे नुकसान तेथेच झाले.

त्यानंतर शहरातल्याच दुसऱ्या एका ठिकाणी मी दहा बैठकांचे ‘पॅकेज’ आगाऊ ३,००० रुपये भरून घेतले. तेथे रोज १० मिनिटे अल्ट्रासाउंड, १५ मिनिटे विजेची मुंग्या आणणारी यंत्रे आणि शेवटी गरम शेक, असा क्रम होता. दहा दिवसांत मला कोणीही खुर्चीवरून उठून दाखवा किंवा पायरी उतरून दाखवा असे म्हटले नाही. पडद्याआड पडल्या पडल्या शेजारच्या पलंगावरील माणसाच्या कंबरेला आणि माझ्या गुडघ्याला एकच यंत्र आलटून पालटून लागत असलेले मी पाहिले. संध्याकाळपुरते हलके वाटे, दुसऱ्या दिवशी बसमधून उतरताना कळ पुन्हा हजर. दहावी बैठक संपल्यावर आणखी दहा घ्याव्यात असे सुचवण्यात आले, तेव्हा मी एमआरआय काढला. अहवालात ‘कॉन्ड्रोमलेशिया, ग्रेड दोन’ असे शब्द होते, म्हणजे वाटीच्या मागची कूर्चा, हाडावरचे गुळगुळीत आवरण, मऊ पडली आहे. ते वाचून मी तीन आठवडे जिना टाळत राहिलो. घरातल्यांनी तर माझी खाट खालच्या खोलीत हलवली.

अशा मनःस्थितीत टिळकवाडीतील त्या १९ पायऱ्या चढलो. केंद्र चालवणाऱ्या मॅडम बैलहोंगलकडच्या, मातृभाषा कन्नड, परंतु मराठी व्यवस्थित बोलतात. त्यांनी माझी एमआरआयची पिशवी हातात घेतली, बाजूला ठेवली आणि विचारले, “सर, आत्ता वर येताना कळ कितव्या पायरीला आली?” मी मोजले नव्हते. “मग जाताना मोजा. आपल्याला तोच आकडा पाहिजे.” तपासणीला ४५ मिनिटे लागली आणि ही ४५ मिनिटे हीच या केंद्राची सर्वांत मोठी जमेची बाजू आहे. त्यांनी आधी गुडघ्याभोवतीची प्रत्येक जागा अंगठ्याने दाबून पाहिली: वाटीचे खालचे टोक, त्याखालची जाड शीर, नडगीच्या हाडावरचा उंचवटा, आतल्या-बाहेरच्या बाजूचे सांधे. मग मला उभे करून हळूहळू उकिडवे बसायला सांगितले आणि कोणत्या कोनात कळ सुरू होते ते पाहिले. शेवटी निळ्या रंगाचे, साधारण वीतभर उंचीचे एक लाकडी खोके पुढे ओढले. त्यावर डाव्या पायावर उभे राहून उजवी टाच जमिनीला हलकेच टेकवायची आणि पुन्हा सरळ व्हायचे, एवढीच परीक्षा. त्या समोर जमिनीवर बसून माझ्या गुडघ्याकडे पाहत होत्या. चौथ्या वेळी गुडघा आत, अंगठ्याच्याही आतल्या बाजूला झुकू लागला आणि कंबर उजवीकडे कलली. सातव्या वेळी कळ आली. त्यांनी वहीत ‘७’ लिहिले आणि भोवती गोल केला.

त्यानंतर झालेले स्पष्टीकरण माझ्या आठवणीत चांगले राहिले आहे, कारण शिक्षक म्हणून मला चांगला पाठ ओळखता येतो. वाटी म्हणजे मांडीच्या पुढच्या मोठ्या स्नायूच्या कंडरेत, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या चिवट दोरीत, बसलेले हाड. शरीरात अशा प्रकारे कंडरेत वाढणाऱ्या हाडांपैकी सर्वांत मोठे. विहिरीवरच्या रहाटाने जसा दोराचा ओढा सोपा होतो, तशी वाटी मांडीच्या स्नायूला गुडघा सरळ करताना जास्तीची ताकद मिळवून देते. त्या बदल्यात तिला मांडीच्या हाडाच्या खाचेवर दाब सोसावा लागतो. सपाटीवर चालताना हा दाब शरीराच्या वजनाच्या निम्म्याच्या आसपास असतो, जिन्यावर तिपटीहून अधिक होतो आणि खोल उकिडवे बसताना सात-आठ पटींपर्यंत जातो. माझ्या ७८ किलोच्या देहाचा जिन्यातला हिशेब अडीचशे किलोच्या घरात येतो. हा भार पेलण्यासाठीच वाटीच्या मागची कूर्चा शरीरातील सर्वांत जाड आहे. तेव्हा सपाटीवर काही नाही आणि उतारावर कळ, हा माझा अनुभव मुळीच गूढ नव्हता. दुखणे कोठे येते यापेक्षा कोणत्या भाराला येते हे पाहिले की या दुखण्याचा अर्धा उलगडा होतो.

कूर्चेत वेदनेच्या मज्जातंतूंचा शिरकाव नसतो, हे ऐकून मात्र मी चकित झालो. मग दुखते काय? वाटीखालची चरबीची गादी, सांध्याचे अस्तर, वाटीला दोन्ही बाजूंनी धरून ठेवणारे पडदे आणि कूर्चेखालचे हाड. घरी येऊन मी याविषयी वाचले तेव्हा स्कॉट डाय या अमेरिकन अस्थिशल्यविशारदाची हकिगत सापडली. त्यांनी सांध्याच्या आत भूल न देता स्वतःच्या गुडघ्यांत दुर्बीण घालून घेतली, सहकाऱ्याला आतला एकेक भाग टोचायला सांगितला आणि प्रत्येक जागी काय वाटते त्याचा नकाशा १९९८ साली प्रसिद्ध केला. सांध्याचे अस्तर आणि चरबीची गादी यांना स्पर्श होताच असह्य वेदना झाली. वाटीच्या कूर्चेला टोचल्याचे त्यांना कळलेही नाही. माझ्या अहवालातल्या ज्या दोन शब्दांनी माझी खाट खाली आणली होती, त्यांची किंमत ही हकिगत वाचून एकदम उतरली. चित्रात कूर्चा मऊ दिसूनही काहीच न दुखणारे लोक पुष्कळ असतात आणि चित्र निर्मळ असूनही जिना न उतरता येणारेही पुष्कळ. गुडघ्यात होणारी कटकटही अशीच. दुखत नसेल तर त्या आवाजाला घाबरण्याचे कारण नाही. वंगण संपण्याची गोष्ट तर साफच चुकीची, कारण सांध्यातले द्रव अस्तरातून सतत तयार होत असते.

मॅडमनी दुखण्याला जे नाव दिले ते ‘पॅटेलोफिमोरल पेन’, म्हणजे वाटी आणि मांडीचे हाड यांच्या सांध्यातले दुखणे. परंतु ते नाव देण्याआधी इतर शक्यता गाळाव्या लागतात, हे मला त्यांच्या बाकावर बसून बसून कळले. शनिवारी माझ्या आधी येळ्ळूरचा एक नववीतला कबड्डीपटू मुलगा असे. त्याला वाटीखाली नडगीच्या उंचवट्यावरच गाठ आली होती आणि तो नेमके बोट ठेवून जागा दाखवी. वाढत्या वयात त्या हाडाच्या कोवळ्या भागावर कंडरेचा ताण पडून हे होते, वाढ पूर्ण झाली की बहुधा शमते आणि तोवर खेळ सोडायचा नसतो, कमी-जास्त करायचा असतो. एक फरशी बसवणारे गृहस्थ होते, त्यांच्या वाटीवर लिंबाएवढी सूज होती. सतत गुडघ्यावर टेकून काम केल्याने वाटीपुढची पिशवी सुजते. पण त्यांची सूज लाल आणि गरम लागताच मॅडमनी व्यायामाचे नाव न काढता त्यांना त्याच दिवशी डॉक्टरांकडे पाठवले. आणि वडगावच्या एक विणकर आजी होत्या, आयुष्यभर मागावर बसलेल्या. “अज्जी, एल्ली नोवु?” (आजी, कुठे दुखतंय?) असे मॅडमनी विचारताच आजींनी कन्नडला मराठीत उत्तर दिले: “आतल्या बाजूला बघ बाई, सकाळचं उठल्याउठल्या धरून बसतंय, मग दिसभर दुखालंय.” सकाळची ताठरता, वय आणि आतली बाजू, त्यांची वाट संधिवाताची होती आणि उपचारही वेगळे. चौघांचे गुडघे पुढूनच दुखत होते असे बाहेरचा माणूस म्हणेल; प्रत्यक्षात ही चार वेगळी दुखणी होती. जेथे चौघांनाही एकाच यंत्राखाली झोपवतात तेथून जिना उतरून परत यावे.

लहान मुलाला गुडघा दुखतो म्हणून आणले असेल आणि गुडघ्यात काही सापडत नसेल, तर मॅडम खुब्याची तपासणी केल्याशिवाय सोडत नाहीत, हेही मी दोनदा पाहिले. खुब्याचा आजार गुडघ्यात दुखून फसवतो. पडल्या-आपटल्यावर पाय टेकवताच न येणे, सांधा एकाएकी सुजणे, गुडघा मध्येच अडकून बसणे, ताप किंवा रात्री झोपमोड करणारे दुखणे असेल, तर आधी डॉक्टर आणि मग फिजिओथेरपी, असा फलक भिंतीवर आहे.

आता प्रत्यक्ष उपचार. पहिले दोन आठवडे मला जवळजवळ काहीच ‘दिले’ नाही, उलट काढून घेतले. पळणे बंद, गड बंद, जिना दिवसातून चार वेळांहून अधिक नको. मात्र सपाटीवरचे चालणे रोज अर्धा तास चालू. बसमध्ये मधल्या वाटेकडेची जागा धरून पाय पुढे सरळ सोडायचा. उकिडवे बसणे आणि मांडी तात्पुरती टाळायची, परंतु ‘कायमची’ हा शब्द त्यांनी एकदाही वापरला नाही. आपल्याकडे जमिनीवर बसणे हे जेवण, पूजा, शेती आणि गप्पा या सगळ्यांत असते, त्यामुळे ते सोडायला सांगणे म्हणजे माणसाला घरातच पाहुणा करणे, अशा आशयाचे त्या बोलल्या. मला हे फार पटले, कारण एका डॉक्टरांनी आधीच आयुष्यभर खुर्ची वापरण्याचा सल्ला देऊन ठेवला होता.

व्यायाम फक्त पाच, आठवड्यातून तीन दिवस. भिंतीला पाठ लावून अर्धवट बसणे, पण गुडघा ४५ अंशांच्या पुढे वाकवायचा नाही. खुर्चीवर बसून पायाला वजन बांधून गुडघा सरळ करायचा, पण येथे उलट, ९० ते ४५ अंशांपर्यंतच. या दोन मर्यादा उलट्या का, असे मी विचारले. पाय जमिनीवर टेकलेला असताना जितके खोल बसू तितका वाटीवर दाब वाढतो, आणि पाय हवेत असताना तो जितका सरळ करू तितका स्नायूला अधिक ओढावे लागते व वाटीचा थोडाच भाग टेकलेला असतो; म्हणून दोन्हींतला सोसवणारा कोनांचा टप्पा वेगवेगळा. उरलेले तीन व्यायाम खुब्याचे: कुशीवर पडून पाय वर उचलणे, रबराच्या पट्ट्याविरुद्ध गुडघे उघडणे आणि पाठीवर पडून कंबर उचलणे. गुडघ्यासाठी खुबा का, याचे उत्तर निळ्या खोक्यावर आधीच मिळाले होते. गुडघा आत झुकू न देण्याचे काम कुल्ल्याच्या स्नायूंचे असते. वाटीच्या आतल्या बाजूचा तेवढा एकच स्नायू वेगळा काढून बळकट करता येतो, हा जुना समज त्यांनी मोडीत काढला.

दुखण्याविषयीचा नियम सोपा होता आणि पूर्ण उपचारात मला तोच सर्वांत उपयोगी पडला. शून्य ते दहाच्या मापावर तीनपर्यंतचे दुखणे व्यायामात चालेल, पण दुसऱ्या दिवशी सकाळी ते आदल्या सकाळपेक्षा अधिक नसावे. असल्यास पुढच्या वेळी भार कमी. हे वहीत रोज लिहायचे. दसऱ्याच्या आठवड्यात घरच्या साफसफाईत मी दिवसभर शिडीवर चढ-उतार केली तेव्हा सकाळचा आकडा दोनवरून पाचवर गेला. मी घाबरून फोन केला, तर त्या म्हणाल्या, “काही तुटलं नाही सर, हिशेब चुकला एवढंच. दोन दिवस निम्मं करा.” तीन दिवसांत आकडा खाली आला. दुखणे म्हणजे दरवेळी इजा असे मानणारा मी त्या दिवशी बदललो.

पहिले तीन आठवडे त्यांनी वाटी किंचित आतल्या बाजूला ओढून धरणारी चिकटपट्टीही लावली. जेनी मॅककॉनेल या ऑस्ट्रेलियन फिजिओथेरपिस्टने १९८६ साली ही पद्धत प्रसिद्ध केली. पट्टी लावण्याआधी खोक्यावर सातव्या वेळी येणारी कळ पट्टीनंतर पंधराव्या वेळी आली, हे मी स्वतः मोजले. वाटी खरोखर जागची हलते की कातडीवरच्या स्पर्शाने वेदना दबते, यावर जाणकारांत मतभेद आहेत, आणि मला त्याची फिकीर नव्हती. त्यामुळे मला व्यायाम करता आला, हे पुरे होते. ऑक्टोबरच्या उन्हात मात्र पट्टीखाली कातडी खाजून लाल झाली आणि चौथ्या आठवड्यात ती आम्ही सोडून दिली. पट्टीचा उपयोग असा सुरुवातीच्या थोड्या आठवड्यांपुरताच.

पाचव्या आठवड्यापासून भार वाढत गेला. आधी पायरीवर चढणे, मग खोक्यावरून उतरणे, मग दोन्ही हातांत पाण्याने भरलेल्या पाच-पाच लिटरच्या कॅनसह एक पाय पुढे टाकून खाली वाकणे. नवव्या आठवड्यात पळणे पुन्हा सुरू झाले: एक मिनिट पळा, दोन मिनिटे चाला. तेथेही एक युक्ती कामी आली. मिनिटाला माझी १६० पावले पडत. मोबाईलवर ठोके लावून ती १७० केली. पावले थोडी आखूड आणि जलद झाली की प्रत्येक पावलाला गुडघा कमी वाकतो आणि वाटीवरचा भार उतरतो. मैदानावर रोज भेटणाऱ्या काकांनी ‘मास्तर, कुठली गाडी सुटतेय’ असे विचारले, इतके ते पळणे घाईचे दिसत असावे.

या सगळ्यांत यंत्रे कोठेच आली नाहीत. मी आधी दिलेल्या ३,००० रुपयांचे दुःख जागे झाले, म्हणून याविषयीही वाचले. अमेरिकेतील फिजिओथेरपिस्टांच्या ऑर्थोपेडिक शाखेने २०१९ साली प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक तत्त्वांत या दुखण्यासाठी खुबा आणि गुडघा दोन्हींचे व्यायाम हाच मुख्य उपचार सांगितला आहे. अल्ट्रासाउंड, विजेचा शेक, लेझर अशा साधनांचा वापर करू नये आणि नी-कॅप वा पट्टे देऊ नयेत, असेही त्यात स्पष्ट आहे. त्याच्या आदल्या वर्षी प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांच्या सहमतिपत्रात बुटात घालायच्या तळव्यांचा थोड्या काळासाठी उपयोग मान्य केला आहे. दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेचा प्रश्नही माझ्या घरी निघाला होता. फिनलंडमध्ये २००७ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत नुसता व्यायाम करणारे आणि शस्त्रक्रियेसह व्यायाम करणारे यांच्यात फरक आढळला नाही, हे दाखवल्यावर तो विषय मिटला.

तक्रारी आता सांगतो. पहिली वेळेची. वेळ ठरवून गेलो तरी शनिवारी ५० मिनिटे थांबावे लागते; तपासणीला पूर्ण वेळ देण्याची ही किंमत असेल, पण ती रुग्णाने भरायची आणि तीही गुडघा वाकवून बाकावर बसून, हे मला पटत नाही. त्यांनी दोन उंच स्टुले ठेवावीत, असे मी सुचवले. अजून आलेली नाहीत. दुसरी तक्रार व्यायामाच्या पत्रकाची. ते कन्नड आणि इंग्रजी या दोनच भाषांत होते. मला दोन्ही वाचता येतात, पण वडगावच्या आजींना कन्नड बोलता येत असले तरी वाचता येत नाही, आणि त्या घरी जाऊन नातवाकडून उलटसुलट व्यायाम करून घेत होत्या. बाजू बदलून भलत्याच पायाला रबर बांधत होत्या, हे एकदा त्यांनीच करून दाखवले तेव्हा उघड झाले. मी एका रविवारी पत्रक मराठीत लिहून, प्रत्येक व्यायामाखाली ‘दुखरा पाय’ आणि ‘चांगला पाय’ असे ठळक शब्द घालून दिले. मॅडमनी ते त्याच आठवड्यात छापून घेतले, ही गोष्ट त्यांच्या बाजूने नोंदवतो. ‘खुबा’ हा शब्द मात्र आजींनी खोडायला लावला. त्यांच्या मते तेथे ‘कुला’च पाहिजे.

तिसरी तक्रार शिकाऊ विद्यार्थ्यांची. मॅडम रजेवर असताना एका मुलाने सवयीने माझ्या गुडघ्याला गरम शेक बांधून वीस मिनिटे झोपवले आणि नेहमीची फी घेतली. मी तक्रार केल्यावर पुढच्या भेटीचे पैसे घेतले नाहीत. आणि जिना. दुसऱ्या बाजूलाही कठडा बसवणे अवघड नसावे. संधिवाताच्या वृद्धांसाठी तो लागतोच.

खर्च असा: पहिल्या तपासणीचे ५०० रुपये, नंतर प्रत्येक भेटीचे ३५०. आगाऊ पैसे घेत नाहीत. पहिल्या महिन्यात आठवड्यातून एकदा आणि पुढे साधारण पंधरवड्यातून एकदा अशा १४ आठवड्यांत माझ्या आठ भेटी झाल्या. त्या एका बुडालेल्या भेटीसह हिशेब लावला तरी तो यंत्रांच्या पॅकेजपेक्षा थोडा कमीच भरतो. घरी करायचे ते मात्र मी केले, आणि ज्यांना करायचे नाही त्यांना हे केंद्र महागच पडेल, कारण तेथे झोपून काही मिळत नाही.

शेवटच्या भेटीत खोक्यावर २५ वेळा झाल्यावर मॅडमनीच थांबवले. मांडी भरून आली होती, कळ नव्हती. डिसेंबरच्या शेवटच्या रविवारी राजहंसगड चढून उतरलो. उतरताना दोन, सोमवारी सकाळी शून्य, असे वहीत लिहिले आहे. मांडी घालून जेवतो. देवापुढे गुडघे टेकताना अजून खाली घडी केलेली सतरंजी घेतो, आणि लांबच्या बसप्रवासानंतर पहिली दोन पावले अजून जपून पडतात. खुब्याचे व्यायाम आठवड्यातून दोनदा चालू आहेत. खाट पुन्हा वरच्या खोलीत गेली आहे. नी-कॅप कपाटात आहे आणि ती कोणाला हवी असल्यास देण्यास मी तयार आहे.

जाणाऱ्यांसाठी व्यवहाराच्या दोन गोष्टी. आठवड्याच्या मधल्या दिवशी दुपारी चार ते पाच या वेळेत गर्दी कमी असते. आणि दुसऱ्या क्रमांकाच्या रेल्वे गेटाकडून येणार असाल तर गेट पडलेले असेल असे धरूनच घरून निघा.